जगात जर्मनी, देशात परभणी आणि मधे एक प्लग

रविवारी सकाळी सहाला फोन वाजला की आमच्या पिढीच्या माणसाच्या पोटात आधी गोळाच येतो. चष्मा शोधत शोधत बघितलं तर भाच्याचं नाव. तो डेट्रॉईटजवळ असतो, त्याच्याकडे शनिवारची रात्र. फोन उचलला तर समोर चेहरा नाहीच. नुसता एका गाडीचा उघडा बॉनेट आणि त्यावर लोंबणारा दिवा.

"आत्या, झोपली होतीस का गं?"

"आता नाही. काय झालं ते सांग आधी."

"काही नाही झालं. प्लग बदलतोय. नवा प्लग शेवटी किती घट्ट करायचा, तेवढं सांग."

हसावं की रडावं कळेना. त्याच्याकडे जुनी माझदा मियाटा आहे. दोन सीटची, छत मागे टाकता येणारी, बुटकी स्पोर्ट्स कार. हे मॉडेल १९८९ साली आलं आणि इतकं चाललं की २०१६ मध्ये कंपनीने दहा लाखावी गाडी बनवली. ह्याची गाडी नव्वदच्या दशकातली, म्हणजे त्याच्याहून वयाने थोडी मोठीच. तिकडे गॅरेजवाल्याची मजुरी परवडत नाही, आणि या गाडीची गंमतच अशी की चारही प्लग वरूनच, इंजिनाच्या माथ्यावरच्या खोल विहिरींमध्ये ओळीने बसलेले. त्यामुळे तिचे बहुतेक मालक हे काम घरीच करतात.

मी विचारलं, "इंजिन थंड आहे ना?" म्हणाला, "सकाळपासून उभी आहे." "विहिरीतली धूळ फुंकून काढलीस का? नाहीतर प्लग निघाला की सगळा कचरा आत जाईल." काढली होती. "वायर ओढताना वायरला धरू नको, टोपणाला धर. आणि चारही एकदम काढू नकोस. एक काढ, एक बसव, मग दुसरा. वायरींची अदलाबदल झाली तर गाडी चालूच व्हायची नाही." हेही त्याला माहीत होतं. मग उरला तो घट्ट करण्याचा प्रश्न.

म्हटलं, "आधी पाना बाजूला ठेव. प्लग हाताने उलटा फिरव, हळू. आटे जागेवर आले की बारीकसं टक् होतं. ते जाणवलं की मग सुलटा फिरव. बोटांनी जाईल तेवढा जाऊ दे. बोटांनी जात नसेल तर काहीतरी चुकतंय, काढ आणि पुन्हा लाव. तळाला टेकला की मग पाना लाव आणि घड्याळात बारा ते सहा, फार तर आठ, एवढंच फिरव. नव्या प्लगची वायसर तेवढ्यात दबते. जुनाच प्लग परत लावत असलास तर तिची वायसर आधीच दबलेली असते, मग बारा ते एक. बास. वरचं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, प्लग लोखंडाचा. जोर केलास तर हरणार ॲल्युमिनियमच."

"बारा ते सहा," तो पुटपुटला. चार वेळा पान्याचा आवाज आला. मग गाडी सुरू झाल्याचा. मग "थँक यू आत्या, झोप आता," आणि फोन बंद.

आता कुठली झोप! चहा टाकला आणि ओट्याशी उभी राहिले. यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ पडलेले असताना हा पोरगा मलाच का विचारतोय, हा प्रश्न मला चहा उकळताना पडला. त्याचं उत्तर मिळालं, पण ते शेवटी सांगते. कारण त्याच्या आधी थोडा इतिहास सांगितल्याशिवाय ते कळणार नाही. प्लगचाही आणि आमच्या घराचाही.

आमच्याकडे एक म्हण आहे. परभणीचा माणूस जगाच्या पाठीवर कुठेही भेटला तरी ती ऐकवल्याशिवाय राहत नाही: जगात जर्मनी, देशात परभणी. का म्हणतात, कोणी सुरू केली, यावर गावात जेवढी डोकी तेवढी मतं. पण प्लगच्या बाबतीत ही म्हण अगदी शब्दशः खरी आहे. सुरुवात जर्मनीत, शेवट परभणीत.

म्हणजे अगदी सुरुवात पॅरिसमध्ये. एतियेन लेन्वार नावाच्या बेल्जियन माणसाने १८६० साली गॅसवर चालणारं इंजिन बनवलं, त्यात गॅस पेटवायला विजेची ठिणगी वापरली. पण ठिणगी घेऊन रस्त्यावर धावायचं म्हणजे वेगळंच काम. १८८६ साली जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. तिच्यात बॅटरी होती, कॉइल होती आणि ठिणगी पाडणारा प्लग होता. आणि बेंझची खरी डोकेदुखी इंजिन नव्हतंच, ठिणगी होती. योग्य वेळी, दर वेळी, न चुकता ठिणगी पडली पाहिजे. ती चुकली की सगळं यंत्र म्हणजे नुसतं लोखंड.

बेंझ हुशार पण भित्रा. गाडी लोकांसमोर लांब न्यायची त्याची हिंमत होईना. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, पहाटे ती गाडी काढून निघाली. मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी. शंभर किलोमीटरच्या वर रस्ता. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतलं. इंधनाच्या नळीत कचरा अडकला तेव्हा टोपीची पिन काढून नळी मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडून शॉर्ट व्हायला लागली तेव्हा पायातल्या मोज्याचा पट्टा काढून तिला गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. आणि संध्याकाळी माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारस्वारी ती हीच, आणि रस्त्यावर स्वतःच्या हाताने केलेली पहिली दुरुस्तीही. कंपनी उभी राहावी म्हणून बर्थाने लग्नाआधीच आपला हुंडा आगाऊ मागून घेऊन त्यात घातला होता. पेटंटवर मात्र नाव एकट्या कार्लचं. असो. या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

बेंझच्या पेटंटच्याच वर्षी, १८८६ मध्ये, श्टुटगार्टला रॉबर्ट बॉश नावाच्या माणसाने एक छोटं दुकान काढलं. बारीकसारीक यंत्रकाम आणि विजेची कामं. त्याच्याकडच्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ च्या सुमारास उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग अशी जोडी तयार केली. चुंबक, तारेचं वेटोळं आणि एक प्लग. इंजिन फिरलं की वीज आपोआप तयार होते, बॅटरी लागतच नाही. इतकं सुटसुटीत की पुढे विमानापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. तुमच्या-आमच्या जुन्या स्कूटरला बॅटरी नसतानाही किक मारल्यावर ठिणगी पडायची ती याच युक्तीमुळे.

आणि प्लग म्हणजे तरी काय? मधे एक धातूची काडी, तिच्याभोवती चिनी मातीसारखी पांढरी नळी, बाहेर लोखंडी अंग आणि त्याला वाकवलेला एक आकडा. काडी आणि आकडा यांच्यात नखाएवढीही नाही अशी फट. त्या फटीतून हजारो व्होल्टची ठिणगी उडी मारते. आत दोन हजार अंशांच्या वर उष्णता. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला पाच हजार फेरे असतील तर पाच हजार ठिणग्या. एवढं सगळं करून प्लगचं टोक ना फार गार राहायला पाहिजे, ना फार तापायला. साधारण साडेचारशे-पाचशे अंशांच्या वर गेलं की त्यावरची काजळी आपोआप जळते. साडेआठशेच्या वर गेलं की तेच टोक निखाऱ्यासारखं होऊन नको तेव्हा पेट्रोल पेटवतं. म्हणून प्लगला 'गरम' आणि 'थंड' असे प्रकार. त्यातही गंमत म्हणजे आजच्या बॉशच्या प्लगवर आकडा जितका लहान तितका प्लग थंड, आणि जपानी एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका थंड. नुसता आकडा सांगून दुकानातून प्लग आणणारे किती जण फसले असतील!

तर हा प्लग परभणीला कसा पोचला?

१९५१ साली बॉशच्या सहकार्याने बंगलोरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली. तिचं लाडकं नाव मायको. परदेशी माल आणायला परकीय चलन नाही, तेव्हा प्लग इथेच बनले पाहिजेत असा तो काळ. पुढे कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं, पण आमच्या लहानपणी दुकानात जाऊन कोणी प्लग मागायचा तर "मायकोचा द्या" असंच.

प्लग आला, पण तो लावायचा कशाला? त्यासाठी १९७२ साल बघायला हवं. मराठवाड्यात १९७२ म्हटलं की एकच शब्द आठवतो, दुष्काळ. खडी फोडणारी माणसं, सुकडी, मिलो. आमची आजी शेवटपर्यंत वय सुद्धा "बहात्तरच्या आधी" आणि "बहात्तरच्या नंतर" असं मोजायची. त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. आणि त्याच वर्षी पुण्याकडे दोन गाड्या बाजारात आल्या. पियाजिओबरोबरचा करार संपल्यावर बजाजने राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव देऊन काढलेली चेतक आणि फिरोदियांच्या कायनेटिकची लूना.

अण्णा विद्यापीठात नोकरीला होते. लूना लवकर मिळायची, पण आम्ही पाच माणसं. स्कूटर पाहिजे. आणि स्कूटर म्हणजे नंबर लावून वाट बघणं. किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे दहा दहा वर्षं थांबलेली माणसं होती. बाहेरून डॉलर पाठवणारं कोणी असेल तर नंबर आधी लागायचा. नाहीतर ज्याला मिळाली त्याच्याकडून जास्तीचे पैसे देऊन घ्यायची. अण्णांनी नंबर लावला तेव्हा मी रांगत होते आणि गाडी दारात आली तेव्हा मी चौथीत. आईने तिला ओवाळलं, हँडलला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. इतकी वर्षं वाट बघून मिळालेली वस्तू दुसऱ्याच्या हातात कोण देणार? बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला, परभणी-जालन्याकडची कितीतरी पोरं तिकडे कामाला लागली, हळूहळू रांगा कमी झाल्या. पण आमच्या घरी तोवर एक शिस्त पक्की झाली होती. गाडीचं जे काही करायचं ते घरीच.

आणि करावं लागायचंच. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण वेगळं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळून जाळायचं. लिटरला वीस मिली पुरे. अण्णा मात्र पंपावर "थोडं जास्तच टाका" म्हणायचे, पोराच्या पोळीवर तूप घालावं तसं. ते जास्तीचं तेल नीट जळायचं नाही, त्याची काजळी प्लगवर बसायची. पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचाही थर. कुठे पेट्रोलमध्ये रॉकेल. वर आमच्याकडची काळ्या मातीची धूळ, फिल्टर कितीही झटका. एवढं सगळं झेलून तो बिचारा प्लग दर पंधरा दिवसांनी म्हणायचा, आता मला बाहेर काढा.

मग रविवारी सकाळी कार्यक्रम. अण्णा उजव्या बाजूचा डबा उघडायचे. टोपण काढायचं, प्लग पाना लावायचा, त्यात आडवी सळई घालून एक हिसका. प्लग बाहेर आला की तो आधी वाचायचा. हो, वाचायचाच! टोक दुधाच्या चहासारखं तपकिरी, म्हणजे सगळं ठीक. कोरडं काळं, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलं, तेलकट काळं, म्हणजे तेल जास्त. पांढरं फटक, म्हणजे गाडी तापतेय. डॉक्टर जीभ बघतात तसं. मग तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि फट मोजायला पत्तीची एक ठरलेली जोडी. मग प्लग टोपणात घालून त्याचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि किक. निळी ठिणगी टचकन उडाली की अण्णा मान डोलवायचे. लालसर, मरगळलेली पडली तर मॅग्नेटोकडे बघायचं.

हे सगळं ते दादाला शिकवत होते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा माझा भाऊ. "हे बघ, असं धर." "आता तू कर." "जोर नको, अंदाज." आणि मी? सकाळी उजेड कमी असायचा, डब्याच्या आत अंधार. मी बॅटरी धरायचे. "इकडं दाव. हालवू नको." एवढंच माझ्याशी बोलणं. मला कोणी काही शिकवलं नाही. पण खरं सांगू का, ज्याच्या हातात बॅटरी असते त्याला सगळ्यात नीट दिसतं. पाना धरणाऱ्याला तर त्याच्याच हाताची सावली आड येते.

आता मुख्य गोष्ट.

१९८८ चा उन्हाळा. परभणीचा मे महिना म्हणजे काय ते परभणीकराला सांगायला नको. अण्णा आणि दादा सकाळीच बसने शेताकडे गेले होते. दुपारी आजीला उलट्या सुरू झाल्या, अंग तापलं, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. ऊन लागलं होतं. क्वार्टरमध्ये मी आणि आई. रिक्षा मिळेना. शेजारच्या काकांना स्कूटर चालवता यायची, आई त्यांना हाक मारून घेऊन आली. काकांनी किक मारली. पंधरा, वीस, तीस. गाडी चालू होईना. चोक ओढून मारल्या, मग चोक सोडून मारल्या. पेट्रोलचा वास सुटला. काका घामाघूम. "वहिनी, ही काही होत नाही. मिस्त्रीला बोलवावं लागेल."

मला वास आला आणि डोळ्यांसमोर ओला प्लग दिसला. अगदी दिसला. मी आत गेले, खिडकीखालच्या पिशवीतून पाना आणला. काकांनी "अगं पोरी, तू कशाला" म्हणेपर्यंत डबा उघडला होता. पेट्रोलचा कॉक बंद केला. प्लग काढला, ओलाचिंब. आईच्या पदराला पुसला, पॉलिश पेपर मारला. प्लग बाहेर असतानाच काकांना म्हटलं, "आता चार किक मारा." आतलं साचलेलं पेट्रोल फुसकन बाहेर आलं. मग प्लग परत बसवला. आणि इथे माझी चूक झाली. मनात एकच भीती, रस्त्यात ढिला झाला तर? आजी मधल्या मधे राहिली तर? मी सळईला दोन्ही हातांनी लोंबकळले. चौदा वर्षांच्या पोरीचं सगळं वजन त्या प्लगवर घातलं. टोपण लावलं. काकांनी किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली.

आजी वाचली. सलाईन लावलं, दोन दिवसांत घरी आली.

संध्याकाळी अण्णा परत आल्यावर आई म्हणाली, "शेजारच्या भाऊजींनी गाडी चालू केली म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं." तिला खोटं बोलायचं नव्हतं. तिच्या लेखी गाडी चालू करणं म्हणजे किक मारणं, आणि किक काकांनीच मारली होती. काका काही बोलले नाहीत. मीही नाही. बोलले असते तर आधी "तू पान्याला हात लावलासच कसा" हे ऐकावं लागलं असतं असं मला वाटलं.

महिनाभराने, एका रविवारी, अण्णांनी पाना लावला. प्लग फिरेना. हिसका दिला तेव्हा कर्रर्र आवाज झाला आणि प्लगबरोबर ॲल्युमिनियमच्या चकचकीत तारा बाहेर आल्या. आटे गेले होते. हेडचं भोकच गेलं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आधीच्या रविवारी प्लग दादाने लावलेला नव्हता, पाऊस होता म्हणून तो कार्यक्रमच झाला नव्हता. पण अण्णांच्या लक्षात ते राहिलं नाही. त्यांच्या हिशेबी घरात प्लगला हात लावणारे दोघेच. ते स्वतः आणि दादा. "बैलासारखा घट्ट केलास!" अंगणात सगळ्यांसमोर दादाला बोलले. "जोर नको, अंदाज म्हणून किती वेळा सांगितलं!" दादा अठरा वर्षांचा. त्याने तोंड उघडलं, बंद केलं. मग माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातात बॅटरी होती. मी ती हलू दिली नाही. बोलले काहीच नाही.

दादाने गाडी ढकलत स्टेशन रोडच्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने भोक मोठं करून त्यात बुश बसवला, नवे आटे पाडले. पैसे दादाने आपल्या साठवलेल्या पैशांतून दिले. त्यानंतर त्याने बरेच महिने प्लगला हात लावला नाही. अण्णा बोलवायचे, तो काहीतरी कारण काढायचा.

एवढीच गोष्ट. जगाच्या दृष्टीने काहीच नाही. पण मला ती सदतीस-अडतीस वर्षं टोचत राहिली. कधीतरी सांगू, सांगू म्हणत राहिले. त्याच्या लग्नात, माझ्या लग्नात, अण्णा गेले तेव्हा. चार वर्षांपूर्वी दादाच गेला. मग सांगायचं कोणाला?

मधल्या काळात प्लगच संपत आला. फोर स्ट्रोक गाड्या आल्या, तेल पेट्रोलमध्ये मिसळायचं थांबलं. २००० साली देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे दुचाकीलाही फ्युएल इंजेक्शन. आता मोटारीचे इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर चालतात. जुने लोक हळहळतात, "आजकालच्या पोरांना प्लगसुद्धा माहीत नाही." मी पूर्वी त्यात सामील व्हायचे. आता होत नाही. कारण बटणावर चालू होणाऱ्या, गिअर नसलेल्या, प्लगची कटकट नसलेल्या गाड्या आल्या तेव्हाच परभणीच्या पोरी रस्त्यावर गाडी घेऊन दिसायला लागल्या. प्लग साफ करता येतो की नाही ही परीक्षा गेली, आणि ती परीक्षा आम्हाला कधी देऊच दिली नव्हती. लूना २०२४ मध्ये परत आली, चेतक त्याआधी २०२० मध्ये. दोन्ही विजेवरच्या. बहात्तरची ती जोडी पुन्हा रस्त्यावर आहे आणि दोघींच्याही पोटात प्लग नाही. माझी भाची त्यातलीच एक चालवते. रविवारी सकाळी ती झोपते. छान करते.

पण बर्था बेंझची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा टोपीच्या पिनेपाशी बराच वेळ थांबले होते. तिला नळी कुठे तुंबते ते कसं कळलं? तार कुठे उघडी पडली ते कसं दिसलं? कोणी शिकवलं असेल? मला वाटतं, नवरा वर्षानुवर्षं त्या इंजिनाशी झटत असताना तीही जवळ दिवा घेऊन उभी असणार. हा माझा आपला अंदाज.

तर त्या रविवारी, चहा झाल्यावर, मी भाच्याला उलटा फोन केला. तिकडे रात्रीचे साडेनऊ असतील. म्हटलं, "एक विचारायचं राहिलं. माहिती सगळी तुला होती. मग मला का फोन केलास?"

तो हसला. म्हणाला, "बाबा सांगायचे ना. ते म्हणायचे, प्लग काढायचा कसा ते मी सांगेन, पण किती घट्ट करायचा ते आत्याला विचार. आपल्या घरात आटे फक्त तिनेच घालवलेत, आजीला वाचवताना. त्यामुळे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये."

मी काही बोलले नाही. त्याने दोनदा "आत्या? आवाज येतोय का?" विचारलं.

म्हणजे त्याला माहीत होतं. आटेही आणि कशासाठी गेले तेही. बहुतेक शेजारच्या काकांनी सांगितलं असेल, किंवा त्या दिवशी अंगणात माझ्याकडे बघितलं तेव्हाच कळलं असेल. आणि इतकी वर्षं त्याने ते माझ्यावर कधी काढलं नाही. उलट पोराला सांगितलं ते असं.

"येतोय रे," म्हटलं. "गाडी एक चक्कर मारून आण आणि गार झाली की फक्त बघ, वायरी नीट बसल्यात का. प्लगला आता हात लावू नको."

"बारा ते सहाच केलंय गं," तो म्हणाला.